पोत्यावरचे नाव आणि पोत्यातला माल : स्टिअरिक अम्ल घेणाऱ्यांसाठी व वापरणाऱ्यांसाठी

मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील रसायनांच्या पेठेत, अथवा कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणच्या घाऊक दुकानात, ‘स्टिअरिक ॲसिड’ मागितले असता दुकानदार जो पांढराशुभ्र, हाताला किंचित मेणचट लागणारा, पापुद्र्यांच्या किंवा बारीक मण्यांच्या रूपातला जिन्नस पुढे करतो, त्यात स्टिअरिक अम्लाचे प्रमाण निम्म्याहून कमी असण्याचाच संभव अधिक असतो. आणि गंमत अशी की, त्यात दुकानदाराची कसलीही लबाडी नसते. व्यापारात या नावाखाली जो माल शंभराहून अधिक वर्षे विकला जात आहे, तो मुळातच दोन वसाम्लांचे मिश्रण आहे, आणि मेणबत्त्या, साबण, चेहऱ्याला लावायचा स्नो, रबरी वस्तू किंवा औषधी गोळ्या यांपैकी काहीही बनविणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली नाही, तर पुढे माल बिघडला म्हणजे दोष हवेला, भांड्याला किंवा कामगाराला देण्याची पाळी येते. हे द्रव्य नावावरून किंवा पांढरेपणावरून न घेता आकड्यांवरून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते आकडे कोणते आणि ते कसे वाचावेत, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

स्टिअरिक अम्ल हे संपृक्त वसाम्ल आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे अठरा अणू एका सरळ साखळीत गुंफलेले असून, शेवटच्या अणूशी अम्लाचा गट असतो. उरलेल्या सर्व कार्बनांना जितके हायड्रोजन धरता येतात तितके त्यांनी धरलेले असतात, कोठेही दुहेरी बंध नसतो, आणि म्हणूनच त्याला संपृक्त म्हणतात. दुहेरी बंध नसल्यामुळे साखळीला बाक येत नाही, सरळ साखळ्या एकमेकींना लागून दाटीने बसतात, आणि ही दाटी मोडण्यास बरीच उष्णता लागते. शुद्ध स्टिअरिक अम्ल ६९ अंश सेल्सिअसच्या किंचित वर वितळते ते याच कारणाने. त्याचाच सख्खा भाऊ म्हणावा असे ओलेइक अम्ल, ज्यात कार्बन तितकेच पण मध्ये एक दुहेरी बंध आहे, ते १३-१४ अंशांवरच पातळ होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते गोठलेले दिसणारच नाही. एका बंधाने पडणारा हा फरक ज्याला नीट कळला त्याला तेल पातळ का, तूप घट्ट का आणि वनस्पती तूप कसे बनते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे निराळी शोधावी लागत नाहीत.

पाण्यात हे अम्ल जवळजवळ विरघळत नाही. गरम अल्कोहोल, ईथर व ॲसिटोन यांत विरघळते. ते पाण्यापेक्षा हलके असते. सोडा किंवा पोटॅश यांच्याशी संयोग झाला की त्याचा साबण होतो आणि तो पाण्यात विरघळतो. पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनिअम यांच्याशी झालेले त्याचे क्षार, ज्यांना व्यवहारात ‘स्टिअरेट’ म्हणतात, ते पाण्याला जुमानत नाहीत. विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस न येता बादलीच्या कडेला जो करडा साका धरतो, तो याच जातीचा असतो. न्हाणीघरात जो उपद्रव वाटतो तोच गुण कारखान्यात लाखमोलाचा ठरतो, हे पुढे दिसेलच. या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे पाण्यापासून पळते. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर त्याचा एकाच रेणूइतक्या जाडीचा थर पसरता येतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅथरिन ब्लॉजेट या विदुषीने १९३८ साली बेरियम स्टिअरेटचे असे ४४ थर काचेवर एकावर एक चढवून, जवळजवळ परावर्तनच न करणारी काच तयार करून दाखविली. ज्या द्रव्याकडे आपण साबणाचा कच्चा माल म्हणून पाहतो, त्याच्याकडून केवढे सूक्ष्म काम करून घेता येते, याचा हा दाखला म्हणून येथे नमूद केला.

आता हे अम्ल येते कोठून, ते पाहू. निसर्गात ते सुटे असे फारसे सापडत नाही; ग्लिसरीनशी बांधलेल्या अवस्थेत, म्हणजे चरबीच्या किंवा तेलाच्या रूपात ते असते. गोवंशाच्या चरबीत एकंदर वसाम्लांपैकी सुमारे पाचवा हिस्सा ते असते; डुकराच्या चरबीत त्याहून कमी. साजूक तुपात शेकडा दहा-बारा. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल, ज्यांच्यावर महाराष्ट्राचे स्वयंपाकघर चालते, त्यांत ते शेकडा दोन-चारच्या पलीकडे जात नाही. वनस्पतींत त्याचा खरा साठा काही बियांत आहे : कोको बियांच्या लोण्यात सुमारे एकतृतीयांश, आफ्रिकेतील शी वृक्षाच्या लोण्यात आणि आपल्याकडील आंब्याच्या कोयीतील तेलात त्याहून थोडे जास्त, मध्य व पूर्व भारतातील साल वृक्षाच्या बियांत शेकडा चाळीसच्या वर, आणि या सर्वांवर ताण करणारे आपले कोकणातले कोकम, ज्याच्या बियांच्या तेलात निम्म्याहून अधिक हिस्सा एकट्या स्टिअरिक अम्लाचा भरतो.

कोकमाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात हे झाड परसात आहे. त्याच्या सालीची आमसुले आणि रसाचे आगळ घराघरांतून होते. पण बी मात्र पुष्कळ ठिकाणी उकिरड्यावर जाते. ज्या घरांत जुनी पद्धत टिकून आहे, तेथे या बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात आणि वर येणारी स्निग्धता निवल्यावर काढून तिचे मुठीने दाबून गोळे करतात. त्यांनाच मुठेल म्हणतात, आणि गोव्याकडे हेच भिरंडेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या की हे तेल आठवते, एरवी फडताळात पडून असते. या तेलातील बहुतेक रेणूंत दोन बाजूंना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक अशी मांडणी असल्यामुळे ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे कोकणच्या उकाड्यातही घट्ट राहते, आणि अंगाच्या उष्णतेने हळूहळू मऊ होते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना शेकडा पाचपर्यंत मुभा दिली आहे, त्यांत कोकम आहे, साल आहे आणि आंब्याची कोयही आहे. यावरून या तेलाची प्रत काय आहे हे कळून येईल.

येथे बागाईतदारांस व बचत गटांस एक सल्ला द्यावासा वाटतो. कोकमतेलात स्टिअरिक अम्ल भरपूर आहे हे ऐकून, ते तेल फोडून त्यातून अम्ल काढण्याचा कारखाना घालावा असे बेत मधूनमधून ऐकू येतात. त्यांच्या नादी लागू नये. अम्ल करावयाचे तर त्यासाठी पामतेल किंवा चरबी यांसारखा टनांनी मिळणारा स्वस्त कच्चा माल असलाच पाहिजे. कोकमतेलाला अखंड तेल म्हणून, सौंदर्यप्रसाधनांत आणि चॉकलेटात, जी किंमत येते ती त्याचे अम्ल केल्यावर येणार नाही, उलट उतरेल. बी पावसाआधी खडखडीत वाळवणे, बुरशी लागू न देणे, गर फोडताना टरफल न मिसळू देणे, एवढ्याकडे लक्ष दिले तरी गावच्या गाव चार पैसे जास्त मिळवू शकेल. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुठेल म्हणजे स्टिअरिक अम्ल नव्हे. पुस्तकात किंवा चित्रफितीत पाहून स्नो करताना, स्टिअरिक अम्लाच्या जागी तितकेच कोकमतेल घालून कृती करणारे लोक आहेत. ते मिश्रण फाटते आणि फाटायलाच हवे, कारण त्या तेलातील अम्ल ग्लिसरीनशी बांधलेले असते, सौम्य पोटॅशशी त्याचा ताबडतोब साबण होत नाही, आणि साबण झाला नाही तर तेल व पाणी एकत्र राहणार नाहीत. ‘पाम स्टिअरीन’ या नावाच्या मालाबाबतही अशीच गल्लत होते. तो पामतेलाचा घट्ट भाग आहे, अम्ल नव्हे, आणि त्यात स्टिअरिक फारच थोडे असून पामिटिक हे दुसरे संपृक्त वसाम्ल मुबलक असते.

चरबी फोडून अम्ल काढण्याची विद्या फ्रान्सची. मिशेल शेव्रल या रसायनज्ञाने १८११ पासून डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचा अभ्यास आरंभिला, चरबी म्हणजे वसाम्ले व ग्लिसरीन यांचे संयुग होय हे सिद्ध केले, आणि १८२३ साली हे सर्व संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १८२५ साली त्याने गे-ल्युसॅक या दुसऱ्या थोर शास्त्रज्ञासह वसाम्लांच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले. परंतु दोघेही पंडित, त्यांना ते धंद्यात उतरविता आले नाही, आणि पुढील दशकात द मिली नावाच्या कारखानदाराने पॅरिसमध्ये चुन्याने चरबी फोडण्याची स्वस्त रीत बसविली तेव्हा कोठे धूर न करणारी, दुर्गंध न सोडणारी, हाताला न चिकटणारी मेणबत्ती मध्यमवर्गाच्या टेबलावर आली. शेव्रल १०२ वर्षे जगला. आयफेल मनोऱ्यावर ज्या ७२ शास्त्रज्ञांची नावे कोरली आहेत त्यांत त्याचे नाव आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद गोष्ट वेगळीच आहे. त्याने ‘मार्गारिक अम्ल’ म्हणून जे एक स्वतंत्र अम्ल जाहीर केले होते, ते वस्तुतः स्टिअरिक आणि पामिटिक यांचे मिश्रण होते, असे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हाइन्ट्स या जर्मन रसायनज्ञाने दाखवून दिले. ज्या मिश्रणाने शेव्रलसारख्याला चकविले, त्याने आपल्या गल्लीतल्या मेणबत्तीवाल्याला चकवावे यात नवल ते काय?

ही चकवणूक कशी होते ते पाहा. पामिटिक अम्ल ६३ अंशांच्या जवळपास वितळते आणि स्टिअरिक ६९ वर. सामान्य बुद्धीला वाटेल की दोहोंचे मिश्रण मधल्या कोठल्या तरी अंशावर वितळेल. प्रत्यक्षात ते दोहोंच्याही खाली, ५४ ते ५६ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि निवताना मोठे ठसठशीत स्फटिक न होता सर्वत्र सारखे, बारीक कणांचे घट्ट ढेपूळ होते. बाजारात ‘ट्रिपल प्रेस्ड’ या नावाने मिळणारा माल बहुधा याच मिश्रणाचा, म्हणजे सुमारे ५५ भाग पामिटिक आणि ४५ भाग स्टिअरिक अशा प्रमाणाचा असतो. ते नाव जुन्या काळचे आहे : चरबी फोडून निघालेली अम्ले तबकांत गोठवून, त्या वड्या कापडात गुंडाळून दाबाखाली ठेवीत आणि त्यांतील पातळ ओलेइक अम्ल पिळून काढीत, एकदा दाबलेला माल हलका, दोनदा दाबलेला मध्यम, तीनदा दाबलेला उत्तम. आज तेल किंवा चरबी उंच मनोऱ्यात सुमारे २५० अंश उष्णतेवर व ५० वातावरणांच्या दाबाखाली पाण्याने फोडतात; सुटलेली अम्ले निर्वातात ऊर्ध्वपातन करून स्वच्छ करतात; आणि ओलेइक पिळून काढण्याऐवजी निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन देऊन त्याचेही स्टिअरिक करून टाकतात. पातळ तेलांना हायड्रोजन देण्याची ही युक्ती जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान याने विसाव्या शतकाच्या आरंभी पेटंट केली. आपल्याकडे शिवडीला जे वनस्पती तूप होऊ लागले त्याचे मूळ तिच्यातच. दाबयंत्रे गेली, नाव राहिले.

तात्पर्य, खरेदी करताना विक्रेत्याकडून मालाच्या त्या खेपेचा विश्लेषणाचा दाखला मागून घ्यावा, आणि त्यात चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, घनांक किंवा वितळबिंदू : ५४ ते ५६ अंश असेल तर तो वर सांगितलेला मिश्र माल, ६५ च्या वर असेल तर स्टिअरिकचे प्रमाण खरोखरच जास्त. दुसरी, अम्लमूल्य, म्हणजे एक ग्रॅम अम्ल निववायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतो तो आकडा : शुद्ध स्टिअरिकचे ते १९७ असते, मिश्र मालाचे २०५ ते २१०, हा आकडा १९० च्या खाली उतरला तर त्यात न फुटलेले तेल किंवा मेण आहे असे निःशंक समजावे. तिसरी, आयोडीनमूल्य, जे मालात दुहेरी बंध किती उरले आहेत ते सांगते : प्रसाधने व औषधे यांसाठी ते एकाच्या खाली, शक्यतो अर्ध्याच्या खाली असावे, नाहीतर माल महिन्या-दोन महिन्यांत पिवळा पडतो आणि खवट वास मारू लागतो, रबरवाल्याला मात्र यापेक्षा बरेच जास्त चालते, आणि म्हणूनच रबराच्या प्रतीचा माल स्वस्त दिसला म्हणून साबणवाल्याने उचलू नये. चौथी गोष्ट आकड्यांची नाही, ती उगमाची. माल वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, हे लेखी घ्यावे. १९८३ साली वनस्पती तुपात गोवंशाच्या चरबीची भेसळ उघडकीस आली तेव्हा देशात केवढा गहजब झाला होता हे ज्येष्ठ वाचकांस स्मरत असेल. ज्याचे गिऱ्हाईक शाकाहारी किंवा जैन आहे त्याने ‘आमच्याकडे सगळे व्हेजच असते’ या तोंडी हमीवर विसंबणे हे धंद्यालाही घातक आणि नीतीलाही सोडून आहे.

प्रयोगशाळा हाताशी नसेल तरीही दोन साध्या कसोट्या कोणालाही करता येतील, आणि त्या जुन्या औषधिकोशांतून चालत आलेल्या आहेत. एक ग्रॅम मालात अर्धा ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा आणि ३० मिलिलिटर पाणी घालून ते उकळावे. माल शुद्ध असेल तर गरम असेतो द्रव स्वच्छ, फार तर पुसटसा धुरकट दिसतो, आणि तो गढूळ झाला अथवा वर तवंग धरला तर मालात तेल, पाम स्टिअरीन किंवा पॅराफिन मिसळलेले आहे. दुसरी : पाच ग्रॅम माल वितळवून तितक्याच गरम पाण्याबरोबर दोन मिनिटे जोराने हलवावा, निवू द्यावा, गाळून घ्यावा आणि गाळलेल्या पाण्यात मिथिल ऑरेंजचा एक थेंब टाकावा, पाणी तांबडे झाले तर कारखान्यात वापरलेले खनिज अम्ल नीट धुतले गेलेले नाही. असा माल मेणबत्तीत वात जाळील आणि मलमात कातडी.

मेणबत्तीचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. नुसत्या पॅराफिनची मेणबत्ती उन्हाळ्यात वाकते आणि साच्याला चिकटते. शंभर भाग पॅराफिनमागे १० ते २० भाग स्टिअरिक अम्ल घातले की ती ताठ राहते, पांढरी व अपारदर्शक दिसते, आणि निवताना आकसल्यामुळे साच्यातून अलगद सुटते. मिश्रण नेहमी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, ७५-८० अंशांपर्यंतच वितळवावे. थेट आचेवर ठेवून कोणी दुसऱ्या कामाला गेले म्हणजे आग लागण्याचे निमंत्रण दिल्यासारखे होते, कारण या द्रव्याच्या वाफा सुमारे २०० अंशांवर पेट घेतात आणि पाणी टाकून ती आग विझत तर नाहीच, उलट भडका उडतो. भांडे स्टेनलेस पोलादाचे घ्यावे. तांब्या-पितळेचे भांडे किंवा साचा वापरू नये. अम्लामुळे तांब्याचा हिरवा क्षार होऊन मेणात उतरतो. वात जाड सुताची वळलेली न घेता सपाट विणलेली घ्यावी, कारण अशी वात जळताना टोकाशी वळून ज्योतीच्या बाहेर येते, तेथे हवा लागून पुरती जळून जाते आणि कात्रीने वारंवार कापावी लागत नाही; ही सुधारणाही मूळची फ्रान्सचीच, स्टिअरिक मेणबत्तीच्या पाठोपाठ आलेली.

स्नो हा दुसरा घरगुती उद्योग, आणि त्याला मुंबईत मोठा इतिहास आहे. ‘अफगाण स्नो’ ज्यांनी आजीच्या आरशापाशी पाहिला असेल त्यांना सांगणे नलगे. या प्रसाधनाचे रहस्य असे की, स्टिअरिक अम्लाचा सगळा साबण करायचा नाही. पाचवा हिस्सा फक्त करायचा, तो साबण उरलेले अम्ल पाण्यात बारीक कणांच्या रूपाने धरून ठेवतो, आणि कातडीवर चोळल्यावर पाणी उडून गेले की अम्लाचा न चिकटणारा, न चमकणारा पातळ थर मागे राहतो. हिशेब करून दाखवितो. शंभर ग्रॅम स्नोसाठी २० ग्रॅम अम्ल घेतले आणि त्याचे अम्लमूल्य २०८ असेल, तर ते पुरते निववायला २० गुणिले २०८, म्हणजे ४,१६० मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागेल. त्याचा पाचवा हिस्सा ८३२ मिलिग्रॅम. बाजारी पोटॅश शेकडा ८५ शुद्धतेचा धरला तर सुमारे एक ग्रॅम. आठ-दहा ग्रॅम ग्लिसरीन आणि उरलेले, परिरक्षक व सुगंध धरून, शुद्ध पाणी. पोटॅश पाण्यात टाकावा, पोटॅशवर पाणी ओतू नये. हातमोजे व चष्मा असल्याखेरीज त्याला हात लावू नये. ॲल्युमिनिअमचे भांडे मुळीच नको. अम्ल आणि पाण्याचे मिश्रण दोन्ही वेगवेगळी ७५ अंशांपर्यंत तापवून, पाणी अम्लात धार धरून ओतावे आणि निवेपर्यंत सावकाश ढवळीत राहावे. ताजा स्नो साधा पांढरा दिसतो. एक-दोन दिवसांनी स्टिअरिकचे सूक्ष्म स्फटिक धरले की त्यावर मोत्यासारखी झाक येते, म्हणून लगेच निराश होऊन कृती बदलू नये. घरी वापरण्यापुरता करणे वेगळे आणि विकणे वेगळे : विक्रीसाठी प्रसाधने बनवावयाची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घेतलाच पाहिजे.

साबणात हे अम्ल कठीणपणा व दाट, टिकाऊ फेस आणते, आणि दाढीच्या साबणाचा तर ते कणा आहे. परंतु थंड पद्धतीने साबण करणाऱ्यांनी सांभाळून असावे. सुटे अम्ल कॉस्टिक सोड्याला भेटताच क्षणात साबण होतो आणि सगळे मिश्रण गोळे होऊन बसते. तेलांच्या वजनाच्या शेकडा दोन-पाचपेक्षा जास्त घालावयाचे असल्यास गरम पद्धतच धरावी. सोड्याचा हिशेब करताना दर ग्रॅम मिश्र मालाला ०.१४८ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा धरावा.

मोठ्या उद्योगांत या अम्लाचा खप खरा. रबर गंधकाने पक्के करताना शंभर भाग रबरामागे सुमारे पाच भाग झिंक ऑक्साइड आणि एक-दोन भाग स्टिअरिक अम्ल घालतात; दोहोंचा मिळून रबरात विरघळणारा झिंक स्टिअरेट होतो आणि तो प्रवेगकांना कामाला लावतो. प्रमाण अधिक झाले तर ते पृष्ठभागावर पांढरी भुकटी होऊन फुटते, आणि रबरी चपलांच्या कारखान्यात हा दोष फार आढळतो. पीव्हीसीचे नळ आणि पत्रे करताना कॅल्शियम व झिंक स्टिअरेट घालतात, म्हणजे द्रव्य यंत्राला न चिकटता सरकते आणि उष्णतेने काळे पडत नाही. पूर्वी या कामी शिशाचा क्षार सर्रास वापरीत, आणि ज्या नळांतून पिण्याचे पाणी यावयाचे त्यांत तो नसणे किती बरे हे सांगायला नको. औषधी गोळ्यांत मॅग्नेशियम स्टिअरेट शेकडा पाव ते एक इतकेच असते. गोळी साच्यातून सुटावी एवढेच त्याचे काम, आणि भुकटीबरोबर ते वाजवीपेक्षा जास्त वेळ घोळले तर कणांवर पाण्याला न जुमानणारा पापुद्रा बसून गोळी पोटात उशिरा विरघळते. चेहऱ्याच्या पावडरीत झिंक स्टिअरेट, सिमेंटला ओल न धरण्यासाठी कॅल्शियम स्टिअरेट, फटाक्यांसाठी दळलेल्या ॲल्युमिनिअमच्या चुऱ्यावर स्टिअरिकचा लेप : यादी लांबविण्यात अर्थ नाही. गाड्यांच्या वंगणात जो लिथियमचा साबण असतो तो मात्र साध्या स्टिअरिकचा नसून, एरंडेलाला हायड्रोजन देऊन मिळणाऱ्या त्याच्या हायड्रॉक्सी भावंडाचा असतो, आणि एरंडेलात आपला देश जगात अग्रेसर असल्यामुळे या एका बाबतीत तरी आपल्याला परक्याच्या दारात जावे लागत नाही.

आहाराविषयी थोडक्यात. संपृक्त वसाम्ले रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवितात हे खरे. परंतु पामिटिक आणि लॉरिक जितके वाढवितात तितके स्टिअरिक वाढवीत नाही, कारण शरीर त्याचा काही भाग ओलेइकमध्ये बदलून टाकते. यावरून कोणी तुपाचे आणि डालड्याचे डबे रिकामे करावेत असे मात्र नाही. कोणत्याही खाद्य चरबीत ते एकटे नसते, आणि वैद्याने संपृक्त स्निग्धता कमी करा म्हटले असेल तर तिच्यात हेही मोजले जाते. अर्धवट हायड्रोजनीकरणात तयार होणारी ट्रान्स वसाम्ले हा निराळा व गंभीर दोष आहे, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ पासून त्यांना शेकडा दोनची मर्यादा घातली आहे. पूर्ण हायड्रोजनीकरण झालेल्या तेलात दुहेरी बंधच उरत नसल्यामुळे ती जवळजवळ नसतात, हेही ध्यानात असू द्यावे.

साठवणीला हे द्रव्य सोशिक आहे. पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर, सावलीत, भिंतीपासून हातभर सोडून ठेवावीत. पत्र्याच्या छपराखाली मेच्या दुपारी थप्पीतला तळचा माल दाबून एकजीव होतो, म्हणून थप्पी उंच करू नये. रॉकेल, फिनेल किंवा मसाल्याशेजारी ते ठेवू नये, कारण वास पटकन धरते. भुकटीच्या रूपातील स्टिअरेट मोकळ्या हवेत उडू दिले तर तो धुरळा ठिणगीने स्फोट पावू शकतो. तेथे झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे आणि विजेची बटणे बंदिस्त असावीत. आणि एक शेवटची विनंती : दर खेपेचा माल आला की त्यातला मूठभर नमुना बाटलीत घालून, वर खेपेचा क्रमांक, तारीख व वितळबिंदू लिहून, त्या खेपेचा तयार माल बाजारातून संपेतो जपून ठेवा, तक्रार उद्भवली तर विक्रेत्याशी बोलताना तुमच्या हाती दुसरा पुरावा नसतो.